खानापूर (बेळगाव) परिसरात एमटीबी (कच्च्या वाटांची सायकल) : लाल मातीला टायर कुठले, हवा किती, वाटा कुठल्या?

मातीवाट२९

नमस्कार मंडळी. गणपती झाले की खानापुरात सहा महिने मुक्काम आहे. सायकल २९ इंची हार्डटेल (मागं स्प्रिंग नसलेली), पुढं १०० मिमीचा स्प्रिंगचा फोर्क, गिअर ३×७ (पुढं ४२-३४-२४, मागं १४-२८ फ्रीव्हील), केबलचे डिस्क ब्रेक, टायर २.१. माझं वजन ७४ किलो. आठवड्यातनं दोन दिवस सकाळी दोन तास आणि रविवारी एक मोठी फेरी, असा बेत आहे. डांबरीपेक्षा कच्च्या वाटा जास्त हव्यात.

असोगा, नंदगड, हलशी, जांबोटी यांपैकी कुठली बाजू कधी धरावी? इथल्या मातीला टायर कसले आणि हवा किती? मागच्या ब्रेकचा लिव्हर आत्ताच मुठीला टेकतोय, पॅड बदलू की अख्खा ब्रेक? आणि भीमगडच्या जंगलात सायकल नेता येते का?

हालात्रीकाठ

आधी माती समजून घ्या, वाट मग आपोआप ठरते. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा, गुंजी हा पश्चिमेचा भाग जांभ्याचा. बिडी, इटगी, पारिश्वाडकडं पूर्वेला सरकाल तशी काळी माती लागते. मधे नदीच्या दोन्ही अंगांना भातशेतीची चिकण माती. खानापूरची कौलं आणि मडकी ज्या मातीनं नावाजली ती हीच, आणि चाक व फोर्क यांच्यामधे घट्ट बसून सायकल जाग्यावर उभी करणारी पण हीच.

जांभ्याच्या वाटेवर पाणी मुरतं. जोराचा पाऊस पडून गेला तरी एक कडक उन्हाचा दिवस मिळाला की तिथं चाक चालतं. चिकण मातीला तीन-चार दिवस लागतात. काळ्या रानातल्या गाडीवाटेवर परतीचा पाऊस पूर्ण थांबेपर्यंत जाऊच नका, तिथं शंभर पावलांत दोन्ही चाकं जाम होतात आणि मग सायकल खांद्यावर. परीक्षा सोपी आहे. चाकोरीतली मूठभर माती घेऊन दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर परत फिरा. दाबल्यावर फुटली तर जावा. ओल्या वाटेत चाक घातलं तर आपले हाल होतातच, शिवाय पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीला पुढचे सहा महिने तीच सोसावी लागते.

आता वाटा. पहिले पंधरा दिवस असोगा बरं. खानापुरापासनं जवळ आहे, मलप्रभेच्या काठानं जाता येतं, रामलिंगेश्वराच्या देवळापाशी सावली मिळते. सायकलचा बारीकसारीक दोष कळायला एवढं अंतर पुरतं आणि काही मोडलं तर ढकलत परत येता येतं.

दसऱ्यानंतर नंदगड-हलशी. जाऊन-येऊन साधारण ३५ ते ४० किमी धरा. जाताना डांबरीनं जावा, येताना शेतातल्या गाडीवाटा जोडत या. उलटं केलंत तर परतीला ऊन, थकवा आणि ऊसाचे ट्रॅक्टर तिन्ही एकदम गाठतात. हलशीला भूवराह नरसिंहाचं कदंबकालीन देऊळ आहे, तिथं अर्धा तास तरी ठेवा, नुसतं पायरीला हात लावून फिरू नका. फाट्यांवरच्या काही पाट्या फक्त कन्नडमधे असतात. नकाशावरनं गावांची नावं कन्नड लिपीत कशी दिसतात ते आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर प्रत्येक फाट्याला थांबून विचारावं लागतं.

जांबोटी आपल्या भागातली सगळ्यात देखणी बाजू, पण ती डिसेंबर-जानेवारीला राखून ठेवा. खानापूर समुद्रसपाटीपासनं साडेसहाशे मीटरच्या आसपास, कणकुंबी ७९० च्या आसपास. आकड्यात फरक दीडशे मीटरचा, म्हणून लोक हलक्यात घेतात आणि फसतात. तो एकसलग चढ नाही. नाले आणि टेकाडं ओलांडत रस्ता सारखा वर-खाली होतो, त्यामुळं चढलेली उंची मोजली तर फरकाच्या कितीतरी पट भरते. पहिल्या वेळी जांबोटीपर्यंतच जावा. वाटेजवळ हब्बनहट्टीचा मारुती आहे, मलप्रभेच्या पात्रातला, पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं. थंडीत मात्र तिथं खाली उतरून बसता येतं. जांबोटीच्या पुढचा चोर्ल्याचा रस्ता गोव्याच्या गाड्यांचा. शनिवार-रविवारी तिकडं जाऊ नका, आठवड्यातला मधला दिवस आणि पहाटेची वेळ धरा.

छर्रे-पाना

ब्रेक बदलायला लागत नाही. लिव्हर मुठीला टेकतो याची नव्वद टक्के कारणं दोनच: पॅड झिजलाय किंवा केबल ताणलीय. दोन्हीत लोक एकच चूक करतात, लिव्हरजवळचा बॅरल ॲडजस्टर (केबल ताणायचा आट्यांचा नट) सोडत नेतात. त्यानं लिव्हर तात्पुरता कडक होतो, पण कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा आरामाच्या स्थितीतच अर्धा ओढलेला राहतो. मग खऱ्या उतारावर दाबायला दांड्याची चाल उरत नाही.

असं करा. पॅड काढून बघा. पत्रा सोडून नुसता मसाला ०.५ मिमी किंवा कमी उरला असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. रोटरची (ब्रेकच्या तबकडीची) जाडी पण बघा, नवा बहुतेक १.८ मिमी असतो, १.५ वर आला की तोही बाद. मग बॅरल ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून दोन आटे बाहेर घ्या. केबलचा बोल्ट ५ मिमीच्या ॲलन चावीनं सैल करा, दांडा पूर्ण मागं जाऊ द्या, केबल हातानं ताणून बोल्ट आवळा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा म्हणजे कॅलिपर रोटरवर बसतो, आणि लिव्हर धरूनच दोन्ही बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की कॅलिपर तिरका बसतो. शेवटी आतला पॅड. केबलच्या बहुतेक ब्रेकमधे फक्त बाहेरचा पॅड हलतो, आतला स्थिर असतो. त्याचा स्क्रू चाकाच्या बाजूनं आत नेत घासायला लागेपर्यंत फिरवा आणि पाव आटा मागं घ्या. हा स्क्रू कुणी बघतच नाही. बाहेरचा पॅड रोटरला वाकवत आतल्या पॅडपर्यंत नेतो, त्यात निम्मी ताकद वाया जाते.

नवा पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर २० च्या वेगानं येऊन चालण्याच्या वेगापर्यंत हळू करा, असं पंधरा-वीस वेळा. चाक लॉक करायचं नाही. हे न करता थेट उतारावर गेलात तर पॅडला काच चढते आणि तो ओरडत राहतो.

पॅड रेझिनचा की धातूचा? जांभ्याचा चिखल म्हणजे ओला सँडपेपर. रेझिनचा पॅड त्यात फार लवकर संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला धातूमिश्रित बरा, पण आधी रोटर वाचा. त्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर धातूचा पॅड तो रोटर खाऊन टाकतो. तसं असेल तर रेझिनच ठेवा आणि एक जोड पिशवीत असू द्या. चेनला तेल सोडताना एक थेंब रोटरवर उडाला तरी पॅड कामातनं जातो, म्हणून तेल घालताना मागच्या रोटरवर फडकं टाकायची सवय लावा.

टायरबद्दल. थंडी-उन्हाळ्यातला जांभा वरनं कडक आणि त्यावर मिरीएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गोल गोट्या. छऱ्यांवर चाक ठेवल्यासारखं होतं आणि वळणावर पुढचं चाक सुटतं. चिखलाचे उंच, विरळ गुट्ट्यांचे टायर इथं उपयोगाचे नाहीत. मधे जवळजवळ, बुटक्या गुट्ट्या आणि कडेला मोठ्या, टणक गुट्ट्या असलेला टायर पुढं लावा, जागा असेल तर २.२५. पण ‘जागा’ म्हणजे टायर आणि फोर्कच्या कमानीत दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी, नाहीतर थोड्या चिखलातच ते भरून जातं. मागं तुमचा २.१ चालेल.

तुमच्या वजनाला ट्यूब असताना पुढं २८, मागं ३२ पीएसआय यावरनं सुरुवात करा. पूर्ण डांबरीला ४० पर्यंत न्या. दुकानातला कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या हिशोबानं भरतो, म्हणून काट्याचा हातपंप घ्या आणि घरीच भरा. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही.

पंक्चर काढताना भोक कुठं आहे ते वाचा. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे दगडावर आपटून ट्यूब रिमला चिमटली, हवा २-३ नं वाढवा. बाहेरच्या अंगाला एक भोक म्हणजे काटा, तो टायरमधनं काढल्याशिवाय ट्यूब घालू नका. पूर्वेच्या बाजूला बाभळीचा काटा आत मोडून राहतो, बोटं फिरवून शोधावा लागतो. आतल्या अंगाला भोक म्हणजे रिमची पट्टी सरकलीय किंवा आऱ्याचं टोक वर आलंय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेत टायर रिमवर फिरतोय.

मातीवाट२९

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पॅड काढून बघितले, आतला जवळजवळ पत्र्यावर आलाय, बाहेरचा निम्मा शिल्लक आहे. रोटरवर रेझिनचीच सूचना आहे, म्हणजे एक जोड जास्तीचा घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. ट्यूबलेस करून घेतलं तर काट्यांचा प्रश्न मिटेल का? आणि यळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला २४-२८ वर सुद्धा उभं राहून पेडल मारावं लागतं, वर जोर दिला की चेन उडते.

कोरडीचेन

आतला पॅड आधी संपणं हे स्थिर पॅड नीट न लावल्याचं किंवा कॅलिपर आत सरकल्याचं लक्षण. नवीन घालताना वर सांगितलेला क्रम सोडू नका.

ट्यूबलेसची घाई नको. तुमच्या किमतीच्या सायकलला बहुतेक साधी रिम असते, टायरची कड धरून ठेवायचा खाचा तिला नसतो. अशा रिमवर टेप मारून ट्यूबलेस केलं तर कमी हवेत वळणावर कड सुटते आणि हवा एका क्षणात जाते. त्यापेक्षा मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर त्याची पिन खोलायच्या चावीनं काढा, ट्यूबमधेच ८० ते १०० मिली सीलंट (भोक आतनं बुजवणारं द्रावण) सोडा, पिन लावा, हवा भरून चाक फिरवा. बाभळीच्या, करवंदीच्या काट्याला हे पुरतं. चिमटल्याच्या चिरा मात्र यानं भरत नाहीत. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सीलंट सुकतं, मार्चमधे पुन्हा घालावं लागेल.

चेन उडते तिथं आधी चेन मोजा. स्टीलच्या पट्टीनं एका पिनच्या मध्यापासनं बारा पूर्ण कड्या म्हणजे ३०४.८ मिमी. ३०७ च्या पुढं गेली असेल तर चेन संपली, आणि त्या चेननं फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असणार. नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवर आणखी उडते, म्हणून दोन्ही एकदम बदला.

बदलायचंच आहे तर १४-३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील घ्या. हिशोब असा: २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.२८ मीटर. २४-२८ वर पेडलच्या एका फेऱ्याला १.९५ मीटर अंतर, म्हणजे मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ७ किमीचा वेग लागतो. चढावर तो टिकत नाही म्हणून तुम्ही उभे राहता, आणि जांभ्याच्या गोट्यांवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जाऊन ते जाग्यावर फिरतं. २४-३४ वर एक फेरा १.६ मीटरचा, तेच ६० फेरे ५.८ किमीला मिळतात आणि बसूनच चढता येतं. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरनं दुसरीवर नेणारा) ३४ दातांना चालतो का तेवढं आधी विचारा. चेनची लांबी जुनीवरनं तोडू नका. पुढची मोठी आणि मागची मोठी चकती यांवरनं, डिरेलरमधनं न घेता, चेन फिरवा आणि टोकं भेटतात तिथनं दोन कड्या (एक आतली, एक बाहेरची) जास्त ठेवा. मागं बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासनं किती लांब राहील ते ठरवणारा) आवळून वरची पुली ३४ च्या दातांना घासणार नाही एवढी खाली आणा. या फ्रीव्हीलमधे २४ वरनं एकदम ३४ ची उडी असते. ती चढ सुरू व्हायच्या आधी, पायाचा जोर कमी करून घ्यायची. चढाच्या मधोमध गिअर टाकला की चेन आऱ्यांत पडते.

तेल: पाऊस असेपर्यंत ओलं ल्यूब, दिवाळीनंतर कोरडं मेणाचं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरनं पूर्ण पुसून काढा. इंजिन ऑईल घालू नका. लाल धूळ त्यात बसून वस्त्र्याच्या दगडासारखं दातांना घासत राहते.

हालात्रीकाठ

जंगलाचा प्रश्न राहिलाच होता. भीमगड २०११ पासनं वन्यजीव अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं अभयारण्यातनं जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यानं प्रवास करता येतो, पण रस्ता सोडून आत पाऊल टाकायला परवानगी लागते. म्हणजे हेम्माडग्याच्या रस्त्यानं सरळ जाऊन परत येता येतं. ‘ही पायवाट नकाशात दिसतेय’ म्हणून तळेवाडी-गवाळीकडं आत घुसायचं नाही. आत जायचंच असेल तर वन खात्याकडनं लेखी परवानगी घ्या. आत राहणाऱ्या लोकांनाच पावसाळ्यात दवाखाना गाठायला किती कष्ट पडतात ते बघता, आपण तिथं पाय मोडून घेऊन त्यांच्यावर भार टाकणं बरोबर नाही.

गवा आणि अस्वल दोन्ही आहेत. सकाळी साडेसातच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्यावर राहू नका. सायकल आवाज करत नाही, हाच धोका. अस्वलाला आपण जवळ येईपर्यंत कळत नाही, मग ते दचकून अंगावर येतं. झाडीतल्या वळणाआधी घंटी वाजवा, कानात इअरफोन घालू नका. गवा रस्त्यात उभा असेल तर पन्नास-साठ मीटरवरच थांबा, त्याला जाऊ द्या. एक गेला म्हणून लगेच निघायचं नाही, मागं कळप असतो. जांबोटी आणि हेम्माडग्याच्या पुढं मोबाईलला रेंज धरवत नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी परतीची वेळ सांगून निघा.

मणतुर्ग्याजवळ हालात्री नदीचा पूल जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. गणपतीनंतरही एखादी मोठी सर आली तर तसं होतं. तिथंच नाही, कुठल्याही फरशी-पुलावरनं पाणी वाहत असेल तर सायकल हातात धरून सुद्धा पलीकडं जायचं नाही. पाणी ओसरल्यावर काँक्रीटवर शेवाळ राहतं. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, पेडलला झटका नाही, सरळ रेषेत तरंगत जायचं.

छर्रे-पाना

त्याला जोडून: नाल्यात चाकाच्या हबच्या वर पाणी गेलं असेल तर त्या आठवड्यात हब खोला. जांभ्याची माती आत गेली की छर्रे कुरकुर करायच्या आधीच कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या नटावर) खड्डे पडलेले असतात. पुढच्याला बहुतेक १३ चा चपटा पाना, मागच्याला १५ चा. पुढं एका बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे, मागं १/४ इंचाचे ९, तरी खोलताना मोजूनच ठेवा. ग्रीस भरून कोन असा आवळा की एक्सल बोटानं गुळगुळीत फिरेल आणि रिम धरून हलवली तर ढिली वाजणार नाही. मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर सायकल कधी द्यायची नाही, प्रेशरचं पाणी सील ओलांडून थेट ग्रीसमधे जातं. बादली, ब्रश, फडकं पुरे. फोर्कच्या चकचकीत नळ्या प्रत्येक फेरीनंतर पुसा. सीट पोस्ट काढून सायकल एकदा उलटी करा, फ्रेममधे साठलेलं पाणी बाहेर येतं.

मातीवाट२९

शेवटचं एक. नोव्हेंबर-डिसेंबरला सुगी असते, तेव्हा गाडीवाटा बंद असतात का?

शेतकरीराजा_बिडी

बंद नसतात, पण त्या काळात वाट शेतकऱ्याची, आपली नव्हे. भाताच्या बांधावरनं सायकल घालायची नाही. बांध चाकानं कापला गेला की पुढच्या पावसात तिथनंच फुटतो. कापलेल्या रानातनं जायचं तर शेतात माणूस असेल त्याला विचारा, नाही कुणी म्हणत नाही. रस्त्यावर नाचणी, भात मळणीला पसरलेलं असतं. त्यावरनं जाऊ नका, उतरून कडेनं चालत जावा. एक तर ते धान्य आहे. दुसरं, पिंजर (भाताचं वाळलेलं गवत) मागच्या डिरेलरच्या पुलीत गुंडाळलं जातं आणि हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा पत्रा) वाकून डिरेलर आऱ्यांत जातो. तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तुमच्या मॉडेलचा एक बेळगावहून आधीच मागवून पिशवीत ठेवा.

ऊसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चालतात आणि ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला असतो. शेवटच्या ट्रॉलीला पुष्कळदा लाल दिवा नसतो. अंधारात पाठीमागनं गाठू नका आणि कडेनं ओव्हरटेक तर अजिबात नको, वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते. समोरनं आला तर डांबरी सोडून थांबा. कडेला पडलेली ऊसाची कांडी ओल्या दवात साबणासारखी असते, तिच्यावर चाक आडवं जाऊ देऊ नका.

पाणी दोन तासांच्या फेरीला दीड लिटर, फेब्रुवारीनंतर दोन. सोबत शेंगा-गूळ आणि दोन केळी.